मूव्हिंग हेड झटके मारतायत, लाइट खराब आहेत का?

प्रश्न: नमस्कार सर, आमच्या ग्रुपने स्टेजसाठी सहा एलईडी मूव्हिंग हेड, म्हणजे डोकं फिरवणारे लाइट घेतलेत. पहिले चार नीट चालतात पण शेवटचे दोन मधूनच झटके मारतात, कधी डोकं आपोआप फिरतं. केबल माइकचीच वापरतोय. लाइट परत करावेत का?

उत्तर: नमस्कार, लाइट परत करायची घाई अजिबात करू नका, मला तरी पहिला संशय केबलचाच येतोय. माइकची काय आणि डीएमएक्सची (लाइटना हुकूम पोचवणाऱ्या डिजिटल सिग्नलची) काय, बऱ्याच लाइटवर दोन्हीला तीन पिनचा एक्सएलआर कनेक्टरच असतो म्हणून सगळे तीच लावतात, पण डीएमएक्सला साधारण १२० ओहम इम्पीडन्सची (सिग्नलला होणाऱ्या अडथळ्याची) केबल लागते आणि माइकची बरीच कमी असते, त्यात सेकंदाला २,५०,००० बिट धावत असतात, मग सिग्नल टोकाला आपटून मागे येतो आणि शेवटच्या लाइटना घोळ ऐकू येतो. केबल बदला आणि शेवटच्या लाइटच्या आउटमध्ये टर्मिनेटर लावा, म्हणजे एक्सएलआरच्या पिन २ आणि ३ मध्ये १२० ओहमचा रेझिस्टर, एवढंच, पण हे लोक हमखास विसरतात. आणि वाय केबल जोडून लाइनला फाटे फोडू नका, फाटा हवाच असेल तर डीएमएक्स स्प्लिटर, म्हणजे सिग्नल वेगवेगळ्या लाइनमध्ये वाटणारा डबा घ्या.

त्याआधी ॲड्रेस, म्हणजे प्रत्येक लाइटचा पहिला चॅनल नंबर, मात्र बघून घ्या हं. लाइट १६ चॅनलच्या मोडवर (एका लाइटला १६ नंबर लागतात) असेल तर पहिला १, दुसरा १७, तिसरा ३३ असंच जायला हवं, एकावर एक चढले की तुम्ही एकाचा डिमर (उजेड) वर करता आणि दुसऱ्याचं डोकं फिरतं. ॲड्रेस बरोबर असतील तर शेवटचा लाइट, त्याचा ॲड्रेस तोच ठेवून, लाइनमध्ये पहिला जोडून बघा. तिथे शांत चालला तर लाइट चांगला आहे, तिथेही झटके मारले तरच दुरुस्तीला द्या.

प्रश्न: बीम लाइट घेतलाय पण हवेत बीम दिसतच नाही, फक्त भिंतीवर ठिपका पडतो. जास्त वॅटचा घ्यावा का?

उत्तर: नको, पैसे वाया जातील. हवेत बारीक कण असल्याशिवाय बीम दिसतच नाही, तेव्हा हेझर, म्हणजे हवेत पातळ धुकं सोडणारं मशीन घ्या, साध्या स्मोक मशीनचे ढग होतात आणि कलाकार झाकले जातात. फक्त हॉलवाल्यांना आधी सांगा, नाहीतर ऐन कार्यक्रमात फायर अलार्म वाजेल.