ब्लेंड वाइन म्हणजे उरलंसुरलं एकत्र केलेलं, मग जोसेफ फेल्प्सची इन्सिग्निया एवढी महाग का?

तुमचा हिशोब असा दिसतोय की कॅबर्ने (लाल वाइनचं एक द्राक्ष) लिहिलेली बाटली प्युअर आणि ब्लेंड, म्हणजे अनेक द्राक्षांच्या वाइन मिसळलेली, ती भेसळ, मग लोक इन्सिग्नियाला 300 डॉलरच्या वर कशाला मोजतात. पण ते प्युअर वगैरे डोक्यातून काढा आधी, अमेरिकेत एकाच द्राक्षाचं नाव छापायला ते 75 टक्के असलं तरी चालतं, आणि 1983 च्या आधी तर 51 टक्क्यांवर भागायचं!

फेल्प्स हा कोलोरॅडोचा बिल्डर, कॅलिफोर्नियातल्या नापा या वाइनच्या खोऱ्यात दुसऱ्यांची वायनरी (वाइन बनवायची जागा) बांधायला आला आणि तिथेच रमला, 1973 ला सेंट हेलेनाजवळ गुरांचं रँच घेऊन स्वतःची सुरू केली. वाइनमेकर वॉल्टर शुग, जर्मन माणूस. 1974 च्या पिकापासून त्यांनी ठरवलं की दरवर्षी आपल्याकडचं जे सगळ्यात भारी असेल तेच, फ्रान्सच्या बोर्डो भागात वेगवेगळ्या द्राक्षांच्या वाइन मिसळतात तसं, एकत्र करायचं आणि बाटलीवर द्राक्षाचं नाव न टाकता स्वतःचं नाव द्यायचं, इन्सिग्निया. कॅलिफोर्नियात असं करणारी ही पहिलीच वाइन. 74 मध्ये कॅबर्ने जास्त होतं, 75 मध्ये चक्क मर्लो हे दुसरंच द्राक्ष, नाव मात्र तेच. आता बहुतेक सगळं कॅबर्नेच असतं, जोडीला पेटी व्हर्दो, मालबेक वगैरे इतर लाल द्राक्षं थोडीथोडी.

हे थोडंथोडं म्हणजे काय ते मला नापात एका ठिकाणी कळलं, तिथे वेगवेगळ्या द्राक्षांच्या वाइन आणि शाळेच्या लॅबमध्ये असतो तसा मापाचा सिलिंडर देतात आणि म्हणतात करा तुमचं ब्लेंड. मला पेटी व्हर्दोचा तो शाईसारखा रंग इतका आवडला की मी दणकून ओतली, आणि पहिल्या घोटाला कच्चं जांभूळ खाल्ल्यासारखी जीभ टाळ्याला चिकटली. नवऱ्याने दोन-तीन मिलीच घातली होती, त्याचा ग्लास माझ्यापेक्षा कितीतरी बरा लागला (हे त्याला अजून सांगितलेलं नाही). गोड्या मसाल्यात दगडफूल मूठभर घातलं तर काय होईल, तसंच. त्यामुळे उरलंसुरलं घालून हे जमत नाही, उलट चांगल्यातलं पण बरंच बाजूला ठेवावं लागतं, पैसे त्याचे. शिवाय नवी फ्रेंच ओकची पिंपं, त्यात साधारण दोन वर्षं, आणि 2002 ची इन्सिग्निया 2005 मध्ये वाइन स्पेक्टेटर मासिकाची वाइन ऑफ द इयर झाली, त्यानंतर भाव कशाला खाली येतोय. 2022 मध्ये कंपनी मोएत हेनेसीने घेतली.

घ्यायचीच असेल तर आधी त्यांचीच साधी नापा कॅबर्ने घेऊन बघा, बऱ्याच कमी पैशात येते. आणि इन्सिग्निया कोवळी असेल तर दोन तास आधी डिकँटरमध्ये (वाइनला हवा लागावी म्हणून वापरतात ते काचेचं भांडं) ओतून ठेवा, तांबड्या रश्श्याबरोबर तर अजिबात नको, तिखटाने ती अजूनच तुरट लागते, साधं भाजलेलं मटण चालेल.