घरच्या लग्नात लहान मुलांना कसं सामावून घ्यावं, कसं रमवावं?

तुम्ही लिहिलंय की धाकट्या बहिणीचं लग्न मंगल कार्यालयात आहे, मुहूर्त दुपारचा आहे आणि दोन्हीकडची मिळून ३०-३५ मुलं येणार आहेत, ३ वर्षांपासून १२ वर्षांपर्यंतची. कार्यालयवाले वेगळ्या खोलीत ‘किड्स झोन’ लावून देतो म्हणतात. घरातली काही मंडळी मात्र म्हणतात की मुलांना आणूच नका, असं फोनवर सुचवून टाकावं.

ती फोनची कल्पना आधी डोक्यातून काढा. आपण पत्रिकेवर ‘सहकुटुंब सहपरिवार’ छापतो. त्याच पत्रिकेच्या तळाशी ‘किलबिल’ म्हणून घरातल्या पोरांची नावं घालतो आणि वर लिहितो, ‘आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!’ म्हणजे मुलंसुद्धा निमंत्रकच झाली की. मग लग्नाच्या दिवशी त्यांना एका खोलीत कोंडून कसं चालेल?

मी २६ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवतेय आणि भावकीतल्या लग्नांत पोरांचं खातं आपसूक माझ्याकडे येतं. इतक्या वर्षांत मला पटलेली गोष्ट एकच. मुलं लग्नात कंटाळतात कारण त्यांच्याकडे काम नसतं. काम द्या, आणि ते खरंखुरं द्या. मुलाला लुटुपुटीचं काम लगेच ओळखू येतं.

आपल्या लग्नात मुलांच्या जागा ठरलेल्याच आहेत. करवली घ्या. हल्ली वीस-बावीस वर्षांच्या मैत्रिणी करवल्या म्हणून मिरवतात. त्यांनी खुशाल मिरवावं, पण निदान एक करवली आठ-नऊ वर्षांची ठेवा. माझ्या भाचीच्या लग्नात तिची आठ वर्षांची मावसबहीण करवली होती. आदल्या दिवशी मी तिला नारळ ठेवलेला भरला तांब्या धरून पाहायला लावला, तर पाच मिनिटांत हात थरथरायला लागले. मग छोटा तांब्या घेतला, त्यात पाव भागच पाणी घातलं आणि वर अगदी लहान नारळ बसवला. दुसऱ्या दिवशी आठही मंगलाष्टका संपेपर्यंत ती नवरीच्या मागे हलली नाही. नारळावरची नजरसुद्धा काढली नाही तिने. नंतर तिची आई मला म्हणाली, ‘घरी दोन मिनिटं एका जागी बसत नाही हो ही.’

लाजाहोमात नवरीच्या ओंजळीत लाह्या घालायच्या असतात भावाने. सख्खा भाऊ मोठा असेल तर त्याने घालाव्यातच, पण कानपिळीचा मान लहान मामेभावाला किंवा चुलतभावाला द्या. नवरदेवाचा कान पिळायचा, ‘माझ्या ताईला नीट सांभाळा’ म्हणायचं आणि आहेर घ्यायचा, यात दहा वर्षांच्या मुलाला केवढा रुबाब वाटतो! गुरुजींना आधी सांगून ठेवा, म्हणजे ते त्याला नावाने हाक मारतील. होम पेटलेला असतो, म्हणून त्याच्याबरोबर एक मोठं माणूस हवंच आणि उपरणं-शेल्याचं टोक खोचलेलं हवं.

अक्षतांचं खातं सरळ पोरांकडे सोपवा. चौघापाचजणांना छोट्या परड्या द्या आणि मुहूर्ताच्या अर्धा तास आधी रांगा वाटून द्या. आम्ही गेल्या दोन लग्नांत तांदळाऐवजी झेंडूच्या आणि गुलाबाच्या पाकळ्या ठेवल्या. धान्य पायाखाली येत नाही आणि लहानग्यांच्या डोळ्यांतही जात नाही. पाकळ्या सोडवण्याचं काम आदल्या रात्री मुलांनीच केलं, सतरंजीवर गोल करून, अंताक्षरी खेळत. मुलांना मंगलाष्टकाही शिकवा. संस्कृत श्लोक पाठ व्हायला अवघड, पण शेवटचं ‘कुर्यात् सदा मंगलम्’ आणि ‘शुभमंगल सावधान’ पाचव्या वर्षीही येतं. वीस पोरं एका सुरात ‘सावधान’ म्हणाली की मांडवाला वेगळीच शोभा येते. घरात कुणी श्लोक रचणारं असेल तर एक मराठी मंगलाष्टक मुलांच्याच तोंडी द्या.

आता एक गोष्ट, जी सगळ्या कार्यालयांत चुकते. मुलांच्या उंचीवर खाली बसून एकदा मंडपाकडे बघा. अक्षतेच्या वेळी सगळे उभे राहतात, पुढे फोटोग्राफर, व्हिडिओवाला आणि मोबाइल उंचावलेली मंडळी. मुलाला दिसतात फक्त साड्यांच्या निऱ्या आणि पँटचे मागचे खिसे. जे दिसतच नाही त्यात ते रमणार कसं? स्टेजच्या एका बाजूला, होमापासून लांब, एक सतरंजी फक्त मुलांसाठी अंथरा. फोटोग्राफरला आदल्या दिवशी बजावून ठेवा की हा कोपरा अडवायचा नाही. अंतरपाट दूर होताना दोघांचे चेहरे बघायला मिळणं, ही मुलांना मनापासून आवडणारी गोष्ट आहे. माझ्या वर्गातली मुलं सोमवारी येऊन तेवढंच सांगतात.

जेवणाचं मात्र कडक ठेवा. साडेबाराचा मुहूर्त असला की पंगत बसेपर्यंत दीड-पावणेदोन होतात, आणि सकाळचे पोहे-उपमा नऊला संपलेले असतात. मुलांची निम्मी रडारड ही भूक असते. केटररला आधीच सांगा: ११ ते साडेअकराच्या दरम्यान वरण-भात-तूप-लिंबू, बिनतिखट बटाट्याची भाजी आणि पुऱ्या तयार हव्यात. जिलेबी नंतर, सगळ्यांबरोबर. आचारी कुरकुरतात, पण वरण-भात लवकर लावणं त्यांना काही जड नाही. आधी सांगितलेलं असलं की झालं.

आणि जमत असेल तर एक तरी पंगत खाली बसून घाला, तिथे मुलांना वाढायला लावा. सगळं नाही, डाव्या बाजूचं. मीठ, लिंबाची फोड, चटणी. माझा पुतण्या सहा वर्षांचा असताना मिठाचं काम त्याच्याकडे होतं. प्रत्येक पानापुढे तो उकिडवा बसायचा, चिमूट ठेवायचा, मान तिरकी करून मीठ बरोबर वरच्या टोकाला पडलंय का बघायचा आणि मगच पुढे सरकायचा. साठ पानं वाढली त्याने. शेवटच्या ओळीतले आजोबा मिठासाठी थांबून राहिले होते, घास घेतला नव्हता. तो पुतण्या आता इंजिनिअरिंगला आहे आणि अजूनही घरच्या कार्याला मिठाचं भांडं आपणहून उचलतो.

किड्स झोन अजिबात नको असं मी म्हणत नाही. अक्षता पडल्यावर विवाहहोम, सप्तपदी असे दीड-दोन तास विधी चालतात, तेव्हा लहानांना मांडवात बसवून ठेवणं त्यांच्यावर अन्याय आहे. त्या वेळेपुरती खोली घ्या. जादूगार किंवा बोलक्या बाहुल्यांचा कार्यक्रम पाऊण तासाचा पुरे. त्याहून लांबला तर तीन-चार वर्षांची मुलं उठून जातात. बाकी वेळ पत्ते, सागरगोटे, ‘नाव-गाव-फळ-फूल’ला कागद-पेन्सिली, कोऱ्या कागदांचा गठ्ठा. परदेशातून आलेली मुलं असतील तर प्रत्येकाला इथल्या एका मुलाची जोडी करून द्या. भाषा अडते तिथे सागरगोटे अडत नाहीत. टीव्ही आणि मोबाइल त्या खोलीत नको, यावर मी ठाम आहे. नव्या भावंडांशी ओळख होण्याचा हा एकच दिवस असतो.

तीन वर्षांखालच्यांसाठी मात्र खेळ नको, झोपायला जागा हवी. वधूपक्षाच्या खोल्यांपैकी एक, आवाजापासून लांबची, अंगावर पाजणाऱ्या आया आणि तान्ह्यांसाठी राखून ठेवा. तिथे सामानाच्या बॅगा टाकू देऊ नका.

सांभाळण्याबद्दल बोलताना मला आमच्याच घरातला एक प्रसंग सांगावा लागेल. चुलतदिराच्या लग्नात पाच वर्षांचा मुलगा वीस मिनिटं सापडत नव्हता. प्रत्येकाला वाटत होतं की तो दुसऱ्या कुणाकडे आहे. कार्यालय हायवेला लागून, फाटक सताड उघडं. त्याच्या आईचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. शेवटी तो कार्यालयाच्या मागे सापडला. हलगीवाले कागद-पाचोळा पेटवून हलगी शेकत बसले होते आणि हा त्यांच्याशेजारी उकिडवा, कातडं तापलं की आवाज कसा बदलतो ते ऐकत होता. हलगीवाल्या काकांनीच त्याला ‘लांब बस रे बाळा’ म्हणून सांभाळलं होतं. त्या दिवसापासून मी दर दीड तासाला एका मोठ्या माणसाची पाळी लावते, नाव घेऊन. ‘सगळे लक्ष ठेवतील’ म्हणजे कुणीच लक्ष ठेवत नाही. प्रत्येक मुलाच्या खिशात किंवा फ्रॉकला आतून आईच्या मोबाइल नंबरची चिठ्ठी असते आणि फाटकाशी एक माणूस बसतो. आणि हलगीवाल्यांकडे मुलांना मीच घेऊन जाते, सांगून-सवरून, सगळ्यांना मिळून.

भटारखान्याचं दार मुलांसाठी बंद, त्यात तडजोड नाही. डीजे लावणार असाल तर मुलांची सतरंजी स्पीकरच्या समोर येणार नाही एवढं बघा. जोडप्याच्या एंट्रीला धूर सोडणार असतील तर विचारून घ्या तो कशाचा. बहुतेक वेळा कोरडा बर्फ असतो, उणे ७८ अंशांचा. पोरं तो साधा बर्फ समजून हातात घेतात, तोंडातही घालतात, आणि त्यातून गंभीर इजा होते. उरलेले तुकडे कोण आणि कुठे टाकणार, हे त्या माणसाकडून आधी वदवून घ्या. माझं विचाराल तर तो धूर नकोच.

हळदीला मुलांची वाटी वेगळी, कपडे जुने. रुखवतात एक वस्तू मुलांनी केलेली ठेवा. आम्ही रंगवलेल्या सुपाऱ्यांची वरात केली होती, नवरदेव थोडा वाकडा झाला होता, पण बघायला सगळ्यात जास्त गर्दी तिथेच.

राहिली पाठवणी. हे बहुतेकजण विसरतात. दिवसभर हसणारी मावशी एकाएकी रडायला लागते, मग आजीही रडते, आणि तीन-चार वर्षांच्या मुलाला वाटतं की काहीतरी भयंकर झालंय. आदल्या रात्रीच त्यांना सोप्या शब्दांत सांगा: मावशी नव्या घरी राहायला जाणार आहे, सगळ्यांना तिची आठवण येईल म्हणून रडू येईल, आणि अमुक दिवशी ती परत येणार आहे. दिवस नक्की सांगा.

तुमच्या बहिणीचा फारच लळा असलेली एखादी सात-आठ वर्षांची भाची असेल तर आणखी एक करा. पूर्वी नवरीबरोबर पाठराखीण जायची. व्याह्यांना दोन दिवस आधी फोन करून विचारा, एक रात्र तिला पाठवलं तर चालेल का. बरोबर मोठं कुणीतरी जाणार असेल तर त्यांनाही सोपं पडतं. आमच्या भाचीच्या व्याह्यांनी लगेच हो म्हटलं होतं. पाठवणीच्या वेळी करवली झालेली ती धाकटी गाडीत ताईला खेटून बसली होती, मांडीवर तिची छोटी पिशवी, आत दोन फ्रॉक आणि टूथब्रश. सगळे रडत होते आणि ती काचेतून हात हलवत होती.