प्रभुभोजनाच्या रविवारी मागच्या बाकावर

पत्र आलंय ते थोडक्यात असं:

'मावशी, प्रभूमध्ये सलाम. मी इंदूरची, वय 47. वडील जाऊन आठ वर्षं झाली. शेवटच्या आजारपणात त्यांनी राऊकडचा प्लॉट विकला आणि 3,80,000 रुपये माझ्या हाती दिले. म्हणाले, दवाखान्याचं भागवून उरेल ते धाकट्याला दे, तुला लग्नात दिलंय. दवाखान्याचे 1,40,000 झाले. उरलेल्यांतून मी नवऱ्याचं कर्ज फेडलं आणि भावाला सांगितलं, सगळे दवाखान्यात गेले. तो नागपूरला असतो. त्यानं एक बिलसुद्धा मागितलं नाही. उलट चारचौघांत म्हणतो, ताईनं बाबांचं सगळं केलं. तेव्हापासून मी चर्चमध्ये प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीतली भाकर आणि द्राक्षरस, घेतलेलं नाही. सगळे ते घ्यायला वेदीपुढच्या कठड्यापाशी गुडघे टेकायला जातात, मी मागच्या बाकावर गीतांचं पुस्तक चाळत बसते. लोकांना गुडघे दुखतात असं सांगितलंय. चर्चच्या छताला 25,000 दिले, संडे स्कूल शिकवते, तरी मनाला शांती नाही. माझ्यासारखीवर देव दया करतो का? आणि त्यानं क्षमा केलीच, तर भावाला सांगायलाच हवं का? – मागच्या बाकावरची'

बाळा, सलाम.

तुझ्या दोन्ही प्रश्नांना माझं उत्तर हो. देव दया करतो, आणि भावाला सांगायला हवं. पण या दोन गोष्टींची तू एकमेकींत अशी गाठ मारून ठेवली आहेस की एकही सुटत नाही.

जक्कयाची, म्हणजे येशूला बघायला झाडावर चढलेल्या त्या श्रीमंत जकातदाराची, गोष्ट तू मुलांना दर वर्षी सांगत असशील. मुलांना उंबराचं झाड आवडतं, म्हणून आपणही झाडापाशीच रेंगाळतो. आज रात्री बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा 19वा अध्याय काढ आणि नुसता क्रम बघ. येशू झाडाखाली थांबतो, त्याला नावानं हाक मारतो आणि आज तुझ्याच घरी उतरायचंय म्हणतो. त्या घडीला जक्कयानं कोणाचा छदामही परत केलेला नाही, करीन असंही म्हटलेलं नाही. लोक कुरकुरतात ते त्यामुळेच. मग तो उभा राहतो आणि म्हणतो, अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट. नियमशास्त्रात आपणहून कबूल करणाऱ्याला मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा एवढंच सांगितलंय, जुन्या करारातल्या गणना या पुस्तकाच्या 5व्या अध्यायात. चौपट त्याच्याकडे कोणी मागितलं नव्हतं. ज्याला गावात कोणी उंबऱ्याशी उभं करत नव्हतं, त्याच्या घरी प्रभू पाहुणा म्हणून आला, आणि त्याची मूठ आपोआप उघडली.

तू आठ वर्षं याच्या उलट चालली आहेस. आधी सगळं निस्तरेन, मग कठड्यापाशी जाईन. आणि निस्तरायचं बळ येत नाही, कारण जिथून ते मिळायचं तिथूनच तू उठून मागे बसली आहेस.

तुला प्रेषित पौलाच्या पत्रातल्या त्या इशाऱ्याचा धाक वाटत असणार, अयोग्य प्रकारे भाकर खाणाऱ्याबद्दलच्या. पुष्कळ चांगली माणसं त्यामुळे मागे बसतात. पण ज्यांना त्यानं ते पत्र लिहिलं, त्या करिंथच्या मंडळीत प्रभुभोजनाच्या वेळी काय चाललं होतं ते त्याच अध्यायात आहे. खाऊनपिऊन असलेले आधीच जेवून घेत, कोणी पिऊन तर्र होई, आणि गरीब उपाशी राही. पौल त्या वागण्यावर चिडलाय. योग्य माणसांनीच यावं असं तो म्हणत नाही. स्वतःला पारखावं आणि मग भाकर खावी, असं म्हणतो. पारखायचं ते खाण्यासाठी. तू पारखतेस आणि पुस्तक चाळत बसतेस.

आमच्या घरी एक काळ शनिवारी संध्याकाळी प्रभुभोजनाचा पाव कापायचं काम आईकडे असे. साधा बेकरीतला पाव. ती चारही कडा काढायची आणि बोटाच्या पेराएवढे चौकोन करून स्वच्छ रुमालाखाली झाकून ठेवायची. कडा आम्हा भावंडांना, चहात बुडवून. त्या दुपारी आम्ही भांडलो असू, खोटं बोललो असू, कडा मिळायच्याच. दुसऱ्या दिवशी पाळकसाहेब तोच पाव हातात देताना मला आईची सुरी आठवायची. अजून आठवते.

आता तुझा दुसरा प्रश्न. इथे मी कडक बोलणार आहे, रागावू नकोस.

छताचे 25,000 तू मनापासून दिलेस यात मला शंका नाही. पण ज्याचं देणं होतं तो नागपूरला होता. देवाला दिलं म्हणून भावाचं फिटत नाही. वेदीपाशी अर्पण आणलं आणि भावाचं आपल्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी त्याच्याकडे जा, असं प्रभूनं सांगितलंय ना? ते आपण देवाला जे देतो त्याबद्दल आहे. तू अर्पण देत राहिलीस, आणि प्रभू तुला जे देतो तेवढं मात्र टाळलंस.

येशूचा शिष्य पेत्र, त्याचं बघ. योहानाच्या शुभवर्तमानात येशूला पकडलं त्या रात्री तो कोळशाच्या विस्तवाशी शेकत उभा राहतो आणि प्रभूला नाकारतो, तीनदा. पुढे, पुनरुत्थानानंतर, तळ्याच्या काठी पुन्हा कोळशाचा विस्तव, वर मासळी, सोबत भाकर. तोच वास नाकात गेला असेल, तेव्हा पेत्राच्या पोटात काय कालवलं असेल! प्रभू म्हणतो, या, न्याहारी करा. सगळ्यांचं खाणं झाल्यावर मग विचारतो, तू माझ्यावर प्रीती करतोस काय? तेही तीनदा. पेत्राला वाईट वाटतं, तरी प्रश्न चुकत नाही. न्याहारी मात्र त्याआधी होते.

आणि तू इंदूरची आहेस, तुला सिस्टर राणी मारिया ठाऊक असतील. मूळच्या केरळच्या. उदयनगरकडे आदिवासींना सावकारी पाशातून सोडवायचं काम करत. 25 फेब्रुवारी 1995 रोजी इंदूरला येणाऱ्या बसमध्ये समंदर सिंह नावाच्या माणसानं त्यांना भोसकून मारलं. त्यांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल यांनी 2002 साली तुरुंगात जाऊन त्याच माणसाच्या मनगटाला राखी बांधली. तो सुटला 2006 साली. मधली चार वर्षं बघ. राखी हातावर आली तरी झालेलं झालंच होतं आणि शिक्षाही चालू होती. सुटल्यावर तो केरळात त्यांच्या घरी गेला, त्यांच्या आईला भेटला. 4 नोव्हेंबर 2017 रोजी आपल्याच शहरात राणी मारियांना चर्चनं धन्य, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित केलं. मी हे लिहितानाही गहिवरते. आठ वर्षं खोटं बोलणारीला कसली क्षमा, असं म्हणण्याआधी त्या मनगटाचा विचार कर.

तेव्हा असं कर. आधी नवऱ्याशी बोल. कर्ज त्याचं होतं, या कबुलीत तोही हवा. मग भावाला फोन कर. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहू नकोस. जमलं तर नागपूरला जाच. 'बाबांनी 3,80,000 दिले होते, 1,40,000 लागले, 2,40,000 तुझे होते, ते मी वापरले आणि तुझ्याशी खोटं बोलले.' एवढंच. 'पण तेव्हा आमची परिस्थिती' हे शब्द आले की जीभ चाव. 'देवानं मला क्षमा केलीय' हेही त्या दिवशी म्हणू नकोस, नाहीतर त्याच्या रागावर तू देवाचा हात ठेवल्यासारखं होईल. त्याला रागावू दे. पैसे एकदम नसतील तर महिन्याचा आकडा ठरवून जा आणि पहिला हप्ता सोबत ने. पाचवा हिस्सा धरला तर वर 48,000 होतात. ते तुझ्या मनावर.

तो कदाचित बोलणं तोडेल. 'ताईनं सगळं केलं' हे वाक्य तुला पुन्हा कधी ऐकू येणार नाही. ते गमावण्याचीच तुला पैशांपेक्षा जास्त भीती आहे, असं तुझ्या पत्रावरून मला वाटलं. पण दवाखान्यातल्या रात्री तू खरोखर जागलीस, त्या कोणी पुसू शकत नाही.

पाळकसाहेबांशी एकांतात बोललीस तर हलकं वाटेल. पण त्यासाठी पुढचं प्रभुभोजन चुकवू नकोस, आणि भावाला अजून फोन झाला नाही म्हणूनही नाही. करायचा असं ठरवून उठ आणि जा. गुडघ्यांचं कोणी विचारलंच, तर दुखत नव्हते म्हणून सांग.

भाऊ काय म्हणाला ते मला कळव. काही बोललाच नाही, तरी कळव.

तुझी मावशी