92 टक्के आणि कुकरची शिट्टी

"मॅडम, बारावीला 92 टक्के, पण कॉमन सेन्स शून्य हो!"

ठाण्याच्या नौपाड्यात समुपदेशनाची प्रॅक्टिस करते, हे वाक्य सारखं कानावर येतं, टक्के तेवढे बदलतात. यावेळी घोडबंदर रोडहून आलेली आई होती, सोबत 19 वर्षांचा मुलगा, इंजिनिअरिंग सेकंड इयर, नजर स्वतःच्या चपलांवर. (ओळख कळू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.)

झालं असं, आई भाजी आणायला खाली गेली आणि जाताना सांगितलं की तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर. कुकरला शिट्टी लावायलाच ती विसरली होती, हे मात्र तिने दुसऱ्या सेशनला कबूल केलं! हा बसला शिट्ट्यांची वाट बघत, वाफ भसाभसा वर चाललीय, मग करपल्याचा वास सुटला तरी जागचा हलला नाही, डाळीचा पार कोळसा.

मी विचारलं, कुकरमध्ये डाळ लवकर का शिजते रे? फाडकन उत्तर, आत दाब वाढतो म्हणून पाणी 100 ऐवजी 120 अंशांच्या आसपास उकळतं. मग वाफ निघून जात होती तेव्हा?

"आई म्हणालेली तीन शिट्ट्या."

ॲरिस्टॉटलने डोळा, नाक, कान या सगळ्यांकडून येणारं एकत्र जोडणारी एक शक्ती मानली होती, कॉमन सेन्स हा शब्द मुळात तिथून आलाय. याच्या नाकाला वास येत होता, डोळ्यांना वाफ दिसत होती, पण जोडणी आईच्या ऑर्डरवर अडकलेली.

आणि अक्कल नव्हती म्हणावं तर कॉलेजला हा रोज ठाण्याहून ट्रान्स हार्बर लोकलने कोपरखैरण्याला जातो. कुठल्या डब्यात चढलं की उतरल्यावर जिना बरोब्बर समोर येतो, पावसात कुठल्या दाराशी पत्रा गळतो, सगळं पाठ. हे कोणी शिकवलं? "कोणी नाही, दोन-चारदा चुकलो मग कळलं."

घरी चुकायची सोयच नव्हती. एकदा त्याने स्वतःच्या मनाने दोन शिट्ट्यांवर गॅस बंद केला, डाळ कच्ची राहिली आणि आई म्हणाली, "सांगितलं तेवढंच करत जा." ते त्याने अक्षरशः ऐकलं, चार वर्षं झाली!

आता लहानपणापासून घरी, शाळेत, मित्रांमध्ये सगळीकडेच मुलाला साध्या गोष्टी उमगत नसतील तर नीट तपासणी करून घ्यावी, ते वेगळं. इथे तसं काही नव्हतं. म्हटलं, ताई, दर रविवारची खिचडी हा करणार आणि तुम्ही किचनमध्ये पाऊल ठेवायचं नाही, पाणी किती, शिट्ट्या किती, त्याचं तो बघेल.

पहिल्या रविवारी संध्याकाळी फोन आला. खिचडी पातळ झाली होती, तर त्याने स्वतःहूनच झाकण काढून आटवली म्हणे.

"आणि तुम्ही मध्ये बोलला नाहीत ना?"

"नाही हो मॅडम, एक शब्द नाही. फक्त दोनदा खोकले."