सूर्य गायब झाला तर पृथ्वीवरचं सगळं जीवन किती दिवसांत संपेल?

तुम्ही विचारलंय की सूर्य एका क्षणात गायब झाला तर किती दिवसांत पृथ्वीवर एकही जीव उरणार नाही. त्यातला "दिवसांत" आधी काढा. माणसं, म्हशी, ऊस यांच्यापुरतं दिवस-महिने ठीक आहे, पण एकही जीव नाही म्हणायचं तर हिशोब लाखो वर्षांवर जातो, आणि मला तो लागला आमच्याच सातारा जिल्ह्यात, कोयनेजवळ, म्हणून लिहायला बसलो. कराडला माझं सबमर्सिबल मोटारी भरायचं दुकान आहे, मी काही शास्त्रज्ञ नाही, पण बोअरवाल्यांत ऊठबस असल्यानं जमिनीच्या पोटात काय चाललंय याची खोड लागलीय.

आधी वरचं उरकतो. सूर्य गेल्याचं आपल्याला ८ मिनिटं २० सेकंद कळणारच नाही, उजेडही येत राहणार आणि ओढही, कारण गुरुत्वाकर्षणाची खबर सुद्धा प्रकाशाच्याच वेगानं येते. मग एकदम अंधार, आणि पृथ्वी गोफणीतून दगड सुटावा तशी सेकंदाला ३० किलोमीटरनं सरळ निघणार, चंद्राला बरोबर घेऊन, फक्त तो दिसायचा बंद होईल. गंमत म्हणजे गुरू आकाशात असला तर अंधार पडल्यावरही तो तासाभराहून जास्त वेळ चमकत राहील, कारण शेवटचा उजेड त्याच्यापर्यंत जाऊन परत यायला तेवढा वेळ लागतो. माझ्या मते या सगळ्या प्रकारातलं सगळ्यात भेसूर दृश्य तेच असेल.

थंडीचं म्हणाल तर आठवड्याभरात सरासरी तापमान शून्याखाली, वर्षात उणे सत्तरच्या आसपास. पिकं पहिल्या काही दिवसांतच गेली, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी काय नि कृष्णाकाठचा ऊस काय. मोठी झाडं साठवलेल्या साखरेवर काही काळ काढू शकतात पण त्याआधी गोठतील. लाईट मात्र जायची नाही लगेच, निदान आमच्याकडं. १९९९ साली कोयनेच्या जलाशयाला तळाजवळून भोक पाडून पाणी घेतलंय, लेक टॅपिंग म्हणतात त्याला, म्हणजे वर बर्फाची साय धरली तरी खालून पाणी चिपळूणच्या बाजूला उतरणार नि टर्बाइन फिरणार. पण पाऊस म्हणजे शेवटी सूर्यानंच उपसलेलं समुद्राचं पाणी, तो बंद, त्यामुळं धरणात आहे तेवढंच. माणसं टिकलीच तर आइसलँडसारख्या ठिकाणी, जिथं रेक्याविकची घरं आजही जमिनीतल्या गरम पाण्यानं उबदार ठेवतात. पुढं हवाच द्रवरूप होऊन खाली येईल, आधी ऑक्सिजन, मग नायट्रोजन, आणि शेवटी ती गोठून जमिनीवर दहाएक मीटरचा थर होऊन बसेल. तापमान उणे २४० च्या आसपास येऊन थांबेल. त्याखाली का जात नाही, तर पृथ्वीच्या पोटातून दर चौरस मीटरला जेमतेम ०.०९ वॅट उष्णता कायम वर येत असते. तेवढीच शिल्लक.

आता माझा मुद्दा. थंडीत पहाटे विहिरीचं पाणी अंगावर घेतलंय का कधी? कोमट लागतं. वर हुडहुडी भरलेली असते आणि आडातनं काढलेल्या बादलीतनं वाफ निघते. कारण थंडी जमिनीत मुरायला लई वेळ लावते, थंडीचे चार महिने संपतात तरी ती दहा मीटर खाली नीट पोचलेली नसते. आणि खोली दुप्पट झाली की वेळ चौपट होतो, तिप्पट झाली की नऊपट. १० मीटरला साधारण ३ वर्षं धरली तर ३ किलोमीटर म्हणजे ३०० पट खोल, वेळ ९० हजार पट, म्हणजे पावणेतीन लाख वर्षं. ढोबळ हिशोब आहे, पण दिवसांचा नक्कीच नाही.

३ किलोमीटरच का? तर कोयनेला ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ चा भूकंप झाला, घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून ऐकलंच असेल, आणि धरणाच्या पाण्याचा त्याच्याशी संबंध कसा हे बघायला केंद्र सरकारच्या कराडच्या प्रयोगशाळेनं २०१७ साली त्या भागात ३ किलोमीटर खोल बोअर मारला. आमच्याकडं ४०० फुटाला पाणी नाही लागलं तर माणूस पाणाड्याला शिव्या घालतो, तो बोअर जवळजवळ दहा हजार फूट! वरचा सव्वा किलोमीटर आपला काळा पाषाण, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, आणि त्याखाली अब्जावधी वर्षांचा ग्रॅनाइट. भूकंप शोधायला गेले आणि वर काढलेल्या त्या ग्रॅनाइटमध्ये सूक्ष्मजीवसुद्धा सापडले, आयआयटी खरगपूरच्या लोकांनी ते अभ्यासलेत. ना ऊन, ना हवा, खडकाच्या भेगांत जेमतेम पाणी.

असे जीव खातात काय, याचं चांगलं उदाहरण दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीत २.८ किलोमीटर खाली मिळालं. तिथं एकच जातीचा जिवाणू जवळपास एकटा नांदतोय. खडकातल्या युरेनियमच्या किरणोत्सारानं पाणी फुटतं, हायड्रोजन सुटतो, त्यावर त्याची गुजराण. त्याला सूर्य गेलेला कळणारही नाही. शनीचा एन्सेलाडस नावाचा जेमतेम ५०० किलोमीटरचा चंद्र आहे, त्याच्या बर्फाखालच्या समुद्रातून जे फवारे उडतात त्यातही कॅसिनी यानाला हायड्रोजन सापडला, म्हणून तर लोक तिकडं डोळे लावून बसलेत. तिथं जीव आहे असं मी म्हणत नाही, शिधा आहे एवढंच.

अर्थात कायमचा विमा नाही हा. समुद्र लाखो वर्षांत बुडापर्यंत गोठेल, तळाशी ज्वालामुखीच्या भेगांजवळ पाणी राहील तेवढंच. जमिनीतही शेवटी थंडी ३ किलोमीटरच्या खाली जाणार, न गोठलेलं पाणी मिळवायला दहाएक किलोमीटर उतरावं लागेल, आणि तिथं दाबामुळं खडकातल्या भेगा मिटत जातात, जागाच उरत नाही. माझी बाजी समुद्रतळाच्या भेगांवर.

आणि तुमच्या प्रश्नाचा शेवटचा भाग, वाटेत दुसरा सूर्य मिळेल का. मे महिन्यात रात्री साताऱ्यातून दक्षिणेला अगदी खाली मित्र तारा दिसतो, तो आपला शेजारी, त्याच्या जोडीचा प्रॉक्झिमा ४.२ प्रकाशवर्षांवर. आपल्या वेगानं तेवढं अंतर कापायला ४२ हजार वर्षं. पण आपण सुटणार आपल्या कक्षेच्या पातळीत आणि तो त्या पातळीच्या बराच खाली दक्षिणेला, त्यामुळं सूर्य कुठल्याही महिन्यात गायब होऊ दे, आपण त्याच्याकडं जाणार नाही. तेवढा रस्ता कापून झाल्यावर सुद्धा कोयनेखालच्या त्या ग्रॅनाइटपर्यंत थंडी पोचायला सव्वादोन लाख वर्षं बाकी असतील.