कोपर ते मनगट : या भागाला मराठीत काय म्हणावं?

एका फिजिओथेरपिस्ट ताईंचा प्रश्न आहे : "रुग्णांसाठी व्यायामाचं मराठी पत्रक लिहिते आहे. खांदा, दंड, कोपर, मनगट, पंजा हे शब्द हाताशी आहेत. पण कोपर आणि मनगट यांच्या मधल्या भागाला, फोरआर्मला, शब्द सापडत नाही. 'हाताची पोटरी' म्हटलं तर चालेल का?"

ताई, बोलीत या भागाला 'हात' असंच म्हणतात. वेगळा शब्द का नाही, हे त्या 'हात'कडे नीट पाहिलं की कळतं.

मराठीतला हात तीन लांबींचा आहे. "हात वर कर" म्हटलं की तो खांद्यापासून असतो. "हात धुऊन घे" यात तो मनगटाखाली सुरू होतो. तिसरा हात कोपरापासूनचा. "हातावर गोंदलंय", "हातभर बांगड्या" म्हणताना डोळ्यासमोर येतो तो हाच. मापाचा हातही हाच. कोपराच्या टोकापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात, म्हणजे दोन विती, 24 अंगुळं, साधारण 18 इंच. वारात असे दोन हात बसतात, म्हणून नऊवारी लुगडं 'अठरा हाती'. या मापात दंड धरलेलाच नाही. मराठीने दंड वेगळा काढला आणि कोपराखाली जे उरलं त्याला हात म्हटलं. लस दंडावर टोचतात, ताईत दंडाला बांधतात, वाकी दंडात घालतात. तिथे सहसा कोणी नुसतं "हातात" म्हणत नाही.

संस्कृतात मात्र चोख शब्द आहे : प्रकोष्ठ. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात कूर्पर, म्हणजे कोपर, सांगून झाल्यावर लगेच येतं की त्याच्या वरचा तो प्रगंड आणि खालचा तो प्रकोष्ठ. मेघदूतात 'आषाढस्य प्रथमदिवसे' सगळ्यांना पाठ असतं. त्याच्या आदल्याच ओळीत विरहाने वाळलेल्या यक्षाचं वर्णन 'कनकवलयभ्रंशरिक्तप्रकोष्ठः' असं आहे, म्हणजे सोन्याचं कडं गळून पडल्याने ज्याचा प्रकोष्ठ रिकामा झाला आहे असा. मराठीत सांगायचं तर आपण सरळ "हातातलं कडं गळून पडलं" म्हणू, आणि त्यात काही चुकणार नाही.

मला यात सर्वांत मोलाचं वाटतं ते असं, की या शब्दाचे शेजारीपाजारी मराठीत घरोघरी आले. स्कंधाचा खांदा झाला, कूर्पराचं कोपर, अंगुष्ठाचा अंगठा, मुष्टीची मूठ, वितस्तीची वीत, अंजलीची ओंजळ, प्रसृताचा पसा. प्रगंड आणि प्रकोष्ठ तेवढे मागे राहिले. प्रगंडाच्या जागी दंड आला. संस्कृतात भुजदंड, बाहुदंड म्हणजे काठीसारखा भक्कम बाहू, आणि आपला दंड त्यातूनच आला असावा असं मला वाटतं. प्रकोष्ठाच्या जागी कोणीच आलं नाही, कारण ती जागा हाताने आधीच व्यापली होती. अमरकोशात हे माप सांगतानाही प्रकोष्ठ आणि पसरलेला पंजा मिळून 'हस्त' असंच म्हटलं आहे, तेव्हा ही सोय जुनीच म्हणायची.

शिवाय दोन्ही टोकांनी मधला भाग वाटून घेतला आहे. मनगट बोलीत बरंच वर चढतं. घड्याळ आपण "मनगटाला" बांधतो, पण पट्टा बसतो तो सांध्याच्या थोडा वर. "मनगटात जोर आहे" म्हणतो, पण मूठ आवळणारे मोठे स्नायू असतात कोपराखालच्या मांसल भागात. मनगटातून जातात त्या फक्त त्यांच्या दोरीसारख्या कंडरा. दुसऱ्या हाताने कोपराखाली धरून बोटं हलवून पाहिली की आत मांस सरकताना लागतं. हात टेकून पडलेली आजी "मनगट मोडलं" म्हणते, तेव्हाही बहुतेक वेळा मोडलेलं असतं ते रेडियसचं, म्हणजे कोपराखालच्या दोन हाडांपैकी अंगठ्याकडच्या हाडाचं, खालचं टोक. आयर्लंडचे शल्यचिकित्सक अब्राहम कॉलिस यांनी 1814 साली याच मोडीचं वर्णन लिहिलं, म्हणून तिला कॉलिस फ्रॅक्चर म्हणतात. पत्रकात हे ध्यानात ठेवावं लागेल : रुग्णाचं मनगट तुमच्या मनगटापेक्षा मोठं आहे.

वाक्प्रचारांतही हा भाग नाव न घेता वावरतो. 'कोपरापासून नमस्कार' म्हणजे नुसते तळवे जोडून भागत नाही, कोपरापर्यंतचे दोन्ही हात जुळवायचे. 'कोपराला गूळ लावणे' यात तर सगळी गंमत दंडाच्या लांबीची आहे, कारण जीभ तिथवर पोचत नाही.

आता पोटरी. पोटरी हा शब्द पायाचा आणि तोही फक्त मागच्या मांसल बाजूचा. पुढच्या हाडाला नडगी म्हणतात. गुडघा ते घोटा या सबंध भागाला बोली मराठीत एक नाव नाहीच. संस्कृतात त्याला जंघा म्हणत, पण मराठीत येईपर्यंत जांघ गुडघ्याच्या वर सरकली. तेव्हा 'हाताची पोटरी' म्हटलं तर कोपराखालचा मांसल फुगवटा समजेल, पण सगळा फोरआर्म नाही. कळ नेमकी त्या मांसात येत असेल तर बोलताना म्हणायला माझी हरकत नाही. छापील पत्रकात मात्र घाईत वाचणारा 'पोटरी' पाहून पायाकडे वळेल.

शास्त्रीय लेखनात अग्रबाहू वापरतात. हिंदीतल्या पुस्तकांत हाडांची नावं अंतःप्रकोष्ठिका, बहिःप्रकोष्ठिका अशी असतात, म्हणजे प्रकोष्ठ तिथे अजून जिवंत आहे. शब्द म्हणून मला प्रकोष्ठ फार आवडतो. पण आज तो ऐकला की राजकीय पक्षाचा कक्ष आठवतो. अग्रबाहू वैद्यकीय पाठ्यपुस्तकात शोभेल. पण ज्यांचं प्लास्टर कालच निघालं आहे, त्या काकांना तो वाचून हात कुठे ठेवायचा ते कळणार नाही.

म्हणून पत्रकात नाम शोधत बसू नका, दोन टोकं सांगा. भागाचा उल्लेखच हवा असेल तिथे 'कोपराखालचा हात' लिहा. चटका बसला, खरचटलं की घरात लोक "कोपराखाली" किंवा "मनगटाच्या वर" असंच सांगतात. व्यायामाची वाक्यं अशी होतील : "कोपर आणि मनगट दोन्ही टेबलाला टेकतील असा हात ठेवा. पंजा टेबलाच्या कडेबाहेर राहू द्या. कोपर न हलवता हात उताणा करा, मग पालथा करा." उताणा आणि पालथा हे शब्द जरूर वापरा. रेडियस अल्नावरून, म्हणजे करंगळीकडच्या हाडावरून, फिरते ती हालचाल त्यांत पुरती आली आहे, आणि ते कोणाला समजावून सांगावे लागत नाहीत.