चालवणाराही सहलीलाच आलेला असतो

दोन अंकांपूर्वी परदेशात भाड्याची गाडी स्वतः चालवण्याबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांतली चार पत्रं या वेळी घेते. चारही न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाबद्दलची आहेत. तिथे मी दोनदा घरच्यांना घेऊन गाडी चालवली आहे, 2016च्या दिवाळीत आणि 2023च्या नोव्हेंबरात.

प्रश्न : ताई, येत्या मे महिन्यात आम्ही सहाजण जाणार आहोत. मी, पत्नी, 11 आणि 5 वर्षांची मुलं आणि माझे आई-वडील. वडील 72 वर्षांचे आहेत, आईचे गुडघे दुखतात. बेत असा : पहिल्या दिवशी सकाळी 11ला क्राइस्टचर्चला उतरून गाडी घ्यायची आणि टेकापो गाठायचं. दुसऱ्या दिवशी माउंट कुक करून क्वीन्सटाउन. तिसरा दिवस तिथेच. चौथ्या दिवशी मिलफर्ड साउंड जाऊन-येऊन. पाचव्या दिवशी फ्रान्झ जोसेफ. सहाव्या दिवशी आर्थर्स पासमार्गे क्राइस्टचर्च. सातव्या दिवशी कायकोरा जाऊन-येऊन, आठव्या दिवशी विमान. गाडी मीच चालवीन. पत्नीकडे लायसन्स आहे, पण ती हायवेला चालवत नाही. बेत जमण्यासारखा आहे ना? — एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही, दादा. हा बेत करू नका. तुमचं पत्र वाचल्यावर मी नकाशा घेऊन बेरीज केली. सहा दिवसांत साधारण सव्वादोन हजार किलोमीटर होतात आणि ते सगळे एकट्या तुमच्या हातून. मिलफर्डचाच दिवस बघा. क्वीन्सटाउनहून एका बाजूला जवळपास 290 किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन मुंबई-गोवा. तोही घाटातून, आणि मध्ये बोटीची फेरी.

त्यात तुम्ही मे म्हणताय. आपल्याकडे उन्हाळ्याची सुट्टी, तिकडे थंडी तोंडावर आलेली. मेच्या मध्याला क्वीन्सटाउनला सकाळी आठच्या सुमाराला उजाडतं आणि संध्याकाळी साडेपाचच्या आत सूर्य मावळतो. सकाळी डोंगराच्या सावलीतल्या वळणांवर बर्फाचा पातळ थर असतो. रस्ता नुसता ओला दिसतो, म्हणून तो कळत नाही. म्हणजे निर्धोकपणे गाडी चालवायला हाताशी सात-आठ तास. मिलफर्डच्या रस्त्यावर तर मे ते नोव्हेंबर चाकांना लावायच्या साखळ्या गाडीत ठेवाव्या लागतात, आणि हिमकडे कोसळण्याचा धोका असला की रस्ता बंद करतात. साखळ्या चढवायचा सराव नाशिकला कुठे करणार?

आता माझ्यावर आलेला प्रसंग सांगते. 2016ला मीही असाच भरगच्च बेत केला होता. क्वीन्सटाउन ते फ्रान्झ जोसेफ, साडेतीनशे किलोमीटर. नकाशात पाच तास दाखवले म्हणून आम्ही आरामात निघालो. हास्टला जेवलो. पुढे दोन्ही बाजूंना दाट रान, बारीक पाऊस, वायपरची एकसारखी लय. मागे सासूबाई आणि लेक झोपलेल्या, शेजारी यजमानांचीही मान कललेली. दुपारचे साडेतीन झाले असतील. एकदम गाडीखाली खडी उडाल्याचा आवाज आला आणि स्टिअरिंग हाताला थरथरलं. डावी चाकं डांबर सोडून कडेच्या खडीवर गेली होती. माझे डोळे उघडेच होते, पण मागचा अर्धा मिनिट मला आजही आठवत नाही. समोरून कुणी येत नव्हतं म्हणून आम्ही वाचलो.

पुढे ब्रूस बे लागला. तिथे समुद्राकाठी पांढऱ्या गोट्यांवर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी नावं लिहून ठेवली आहेत. लेक उठून ते गोटे वाचत बसली. मी गाडीला टेकून उभी राहिले. पाय कापत होते. सासूबाई खाली उतरल्या, माझ्याकडे बघितलं, काही न विचारता थर्मासमधला चहा ओतून हातात दिला आणि म्हणाल्या, "आज इथनं पुढं घाई करायची न्हाई." चाळीस मिनिटं आम्ही तिथे थांबलो. त्या रात्री हॉटेलवर पोचल्या-पोचल्या मी पुढच्या बेतातली दोन ठिकाणं खोडून टाकली.

म्हणून तुम्हाला सुचवते. पहिल्या दिवशी स्टिअरिंगला हात लावू नका. घरापासून धरलं तर वीस-बावीस तासांचा प्रवास झालेला असेल, आणि तिकडची सकाळी 11ची वेळ म्हणजे तुमच्या शरीराची पहाट. टॅक्सीने हॉटेल गाठा, मुक्काम क्राइस्टचर्चलाच करा आणि गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी घ्या. मग टेकापो, सव्वादोनशे किलोमीटर. तिथे दोन रात्री राहा आणि मधल्या दिवशी माउंट कुकला जाऊन या. पुकाकी तळ्याच्या काठाने रस्ता जातो तिथे गाडी लावा आणि आई-वडिलांना खुर्ची टाकून बसवा. हिमनदी दगड दळत खाली येते, ते पिठूळ गाळाचं पाणी तळ्यात मिसळतं, म्हणून त्याचा निळा रंग दुधाळ दिसतो. आकाश स्वच्छ असलं तर त्यापलीकडे 3724 मीटरचा आओराकी, म्हणजेच माउंट कुक, समोर उभा. आईंच्या गुडघ्यांना एक पायरीही चढावी लागणार नाही. मग अडीचशे किलोमीटर करून क्वीन्सटाउन, तिथे तीन रात्री. मिलफर्डला तिथून बस जाते, तिकीट काढा आणि तुम्हीही खिडकीशी बसा. गाडी क्वीन्सटाउनच्या विमानतळावरच परत द्या आणि परतीचं विमान तिथूनच घ्या. गाडी दुसऱ्या गावी सोडण्याचे थोडे जास्त पैसे पडतील, पण सव्वादोन हजारांचे सातशे किलोमीटर होतील. फ्रान्झ जोसेफ आणि कायकोरा या खेपेला राहू देत. सुट्टी दिवाळीकडे ढकलता आली तर फारच छान. तेव्हा तिकडे वसंत असतो आणि आठपर्यंत उजेड.

गाडीबद्दल : सहाजणांना सात सीटची घेऊ नका. शेवटची रांग उघडली की मागे दोन बॅगाही मावत नाहीत. कार्निवलसारखी आठ सीटची घ्या आणि आईंना चढायला एक बुटकं प्लॅस्टिकचं स्टूल तिथल्या दुकानातून घ्या. धाकट्याला सात वर्षं पूर्ण होईपर्यंत चाइल्ड सीट कायद्यानेच सक्तीची आहे. ती गाडीबरोबरच बुक करा. वडिलांसाठी प्रवास विमा टाळू नका. तिथे अपघातात दुखापत झाली तर परदेशी पाहुण्यांनाही एसीसी या सरकारी योजनेतून उपचाराला मदत मिळते. पण छातीत दुखलं, साखर वाढली, तर ते आजारपण, आणि त्याचा खर्च सगळा आपला.

आणि वहिनींचं नाव दुसरी चालक म्हणून करारात घाला. ज्याचं नाव करारात नाही त्याने गाडी चालवली तर विमा लागू होत नाही. टेकापोच्या सरळ रस्त्यावर रोज अर्धा तास त्यांना चालवू द्या. घरातला एकच माणूस आठ दिवस रस्ताच बघत बसला, तर त्याची सहल कुठे झाली?

प्रश्न : मी बारा वर्षं डोंबिवली-ठाणे गाडी चालवते. यजमान चालवत नाहीत. सासरचे म्हणतात, परदेशात बाईने एकटीने चालवायचं धाडस नको, ड्रायव्हर घ्या. मला मनापासून चालवायचं आहे. तिथले नियम फार वेगळे आहेत का? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : अगं, कल्याण-शीळ रस्त्यावर बारा वर्षं काढलीस, तू नक्की चालवशील. तिथेही आपल्यासारखंच डाव्या बाजूने चालवतात आणि स्टिअरिंग उजवीकडे असतं. गाड्या बहुतेक ऑटोमॅटिक. क्लच नसतो, म्हणून डावा पाय चक्क मागे घेऊन ठेव. लायसन्स इंग्रजीत असेल तर तेच चालतं, पण मूळ कार्ड जवळच हवं. तरी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परमिट काढून घे, म्हणजे काउंटरवर वाद नको.

फरक आहे तो सवयींचा. आपण जागा दिसली की घुसतो. तिथे गोल चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, म्हणजे द्यायचंच. 'स्टॉप'ची पाटी असली तर रस्ता रिकामा असला तरी चाकं पूर्ण थांबली पाहिजेत. मधली पिवळी सलग रेघ तुझ्या बाजूला असेल तर ओव्हरटेक नाही. गावाबाहेर बहुतेक रस्त्यांवर मर्यादा ताशी 100 आहे. ती मर्यादा आहे, गाठलीच पाहिजे असं नाही. वळणावर 60ने जा, पण मागे चार गाड्या साचल्या की पहिल्या रुंद जागी डावीकडे होऊन त्यांना पुढे सोड. आपल्याकडची मंडळी नेमकी इथे चुकतात, आणि मागचा वैतागून भलत्या ठिकाणी ओव्हरटेक करतो. हॉर्न मी दोन्ही खेपा मिळून एकदाही वाजवला नाही.

एकेरी पूल मात्र नीट समजून घे. पश्चिम किनाऱ्याला ते सारखे लागतात. लाल गोलातल्या पाटीवर तुझ्या दिशेचा बाण लहान आणि लाल असेल, तर समोरच्याला आधी येऊ द्यायचं. निळ्या चौकोनात तुझा बाण मोठा आणि पांढरा असेल, तर आधी जायचा हक्क तुझा, पण समोरून कुणी पुलावर चढलेलं नाही ना ते बघूनच. मी थांबले की समोरून येणारा शेतकरी स्टिअरिंगवरचा हात न काढता एकच बोट वर करायचा. दोन दिवसांनी माझंही बोट आपोआप वर व्हायला लागलं.

सासरच्यांना एवढंच सांग : रोज अडीचशे किलोमीटरच्या आत चालवीन आणि अंधार पडायच्या आधी मुक्कामी असेन. यजमानांना नकाशाचं काम दे. डोंगरात फोनची रेंज जाते, तेव्हा नकाशे आधीच उतरवून घ्यायला सांग. आणि मनात शंका ठेवून जाऊ नकोस, मोकळ्या मनाने जा.

प्रश्न : सासऱ्यांना बाहेरचं जेवण चालत नाही. घरचं काय काय नेता येईल? — एक वाचक, सांगली

उत्तर : फळं, लिंबं, ओलं आलं, ताजा कढीपत्ता आणि मध घरीच ठेवा. बाकी भाजणी, मेतकूट, चटण्या, लाडू, जे न्याल ते तिथे पोचण्याआधी भरायच्या ऑनलाइन (किंवा कागदी) फॉर्मवर जाहीर करा. जाहीर केलेलं अधिकारी बघतात आणि नको असेल तर काढून घेतात, एवढंच. न सांगता सापडलं तर जागेवर 400 न्यूझीलंड डॉलरचा दंड होतो. बॅगेच्या कप्प्यात विसरलेलं सफरचंदही त्यात आलं. बुटांना माती असेल तर धुऊन न्या. गहू-तांदूळ तिथे मिळतात, मोठ्या गावांत भारतीय दुकानंही आहेत. स्वयंपाकघर असलेली खोली घ्या आणि छोटा कुकर बॅगेत टाका. आमच्या सासूबाईंनी टेकापोला केलेली मुगाची खिचडी आमच्या घरात अजून आठवली जाते.

प्रश्न : गाडीला ओरखडा-बिरखडा गेला तर किती भुर्दंड बसतो? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : करारात 'एक्सेस' नावाचा आकडा असतो. नुकसान झालं तर तेवढ्यापर्यंतचे पैसे आपले. साध्या करारात तो काही हजार डॉलरचा असतो. रोज थोडे जास्त भरून तो कमी करता येतो, आणि मी ते भरतेच. तरी काच आणि टायर त्यात धरलेत का, ते सही करण्याआधी विचारा. पहिल्या खेपेला मी विचारलं नव्हतं. पुढच्या ट्रकच्या चाकातून खडा उडून काचेला ज्वारीच्या दाण्याएवढा टवका गेला होता, त्याचे पैसे परत येताना माझ्या कार्डावरून गेले. क्वीन्सटाउनजवळच्या स्किपर्स कॅन्यनसारखे कच्चे रस्ते तर करारातच वर्ज्य असतात.

आणि किआ सांभाळा. हा तिथला पहाडी पोपट, शेवाळी हिरवा, पंखांखाली नारिंगी. दुसऱ्या खेपेला आम्ही वाटेवरच्या 'ते आनाउ' या गावी दोन रात्री राहून मिलफर्डला गाडीने गेलो होतो. होमर बोगद्याच्या तोंडाशी सिग्नलला थांबलो तर एक किआ बॉनेटवर उतरला. मान वाकडी करून काचेतून आमच्याकडे पाहिलं आणि वायपरचं रबर चोचीत धरून बारकाईने सोलायला लागला. लेक आनंदाने ओरडत होती आणि मला एक्सेसचा आकडा दिसत होता. त्यांना खायला घालू नका, त्यांच्या जिवाला ते बरं नाही. गाडी तिथे उभी करून लांब तर जाऊच नका.

गाडी ताब्यात घेताना चारी बाजू, टप, चाकं, काच आणि आतलं किलोमीटरचं मीटर असा सलग व्हिडिओ काढा. परत देतानाही तसाच काढा. डिझेल गाडी असेल तर पंपावर स्वस्त पडतं, पण तिथे डिझेल गाड्यांवर किलोमीटरमागे वेगळा कर आहे. तो भाड्यात धरलाय का, तेही विचारून घ्या. गाडी परत द्यायला उजेडी जा आणि काउंटरवर माणूस असताना त्याच्यासमोर गाडीभोवती एक फेरी मारा. ओरखडा नसल्याचं त्याच्याकडून लिहून घेतल्यावरच किल्ली द्या.